मऊ प्रवाळ आणि उतावळे हात

पिंपरी-चिंचवड हें यंत्रांचें व कामगारांचें शहर होय. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रसपाटीपासून पांचशें मीटरांहून अधिक उंचीवर, पवनेच्या कांठीं तें वसलें आहे. खाऱ्या पाण्याचा थेंबही येथें निसर्गतः सांपडावयाचा नाहीं. असें असूनही अलीकडे येथील कांहीं घरांच्या बैठकींत खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांत केवळ रंगीत मासेच नव्हेत, तर दुकानदार ज्यांस ‘सॉफ्ट कोरल’ म्हणतात तीं मऊ प्रवाळेंही ठेवण्यांत येऊं लागलीं आहेत. एका घरची टाकी पाहून दुसऱ्या घरचीं मुलें आईबापांकडे हट्ट धरतात, आणि आईबाप शिक्षकांस विचारतात कीं, हा छंद चांगला कीं वाईट? आमचें उत्तर असें कीं, छंद चांगला आहे, परंतु तो उतावळ्या हातांसाठीं नव्हे. आणि ज्या घरीं उतावळेपणा सोडण्याची तयारी नसेल त्या घरानें तो धरूं नये. हें आमचें मत कोणत्या कारणांवरून झालें तें क्रमानें सांगतों.

प्रथम मऊ प्रवाळ म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळ मुलें त्यास समुद्रांतील झाड समजतात. तें झाड नव्हे, प्राणी आहे. किंबहुना एक प्राणी नव्हे, तर अनेक लहान प्राण्यांची एकत्र वसाहत आहे. त्यांतील प्रत्येक लहान प्राण्यास, म्हणजे पॉलिपास, आठ स्पर्शिका असतात व त्या पिसाप्रमाणें दोन्ही बाजूंस फांटलेल्या असतात. कठीण प्रवाळें चुन्याचा सांगाडा रचतात व त्या सांगाड्यांचेच समुद्रांत मोठमोठे प्रवाळखडक होतात. मऊ प्रवाळांस असा अखंड सांगाडा नसतो. त्यांच्या मांसल अंगांत चुन्याच्या अगदीं बारीक कांड्या विखुरलेल्या असतात, आणि अंगांत भरलेल्या पाण्याच्या जोरावर तीं ताठ उभीं राहतात. अळंब्याच्या आकाराचें सार्कोफायटन, बोटांसारख्या फांद्यांचें सिन्युलॅरिया व आपले पंजे एकसारखे उघडझांक करणारें झीनिया हे प्रकार छंदिष्टांच्या टाक्यांत विशेष आढळतात. या तिन्हींच्या अंगांत सूक्ष्म शैवालें वास करितात. तीं प्रकाशांत अन्न तयार करितात व त्याचा मोठा वांटा आपल्या यजमानास देतात. यजमान त्यांस आसरा देतो व आपल्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यें पुरवितो. म्हणून अशा प्रवाळाचें पालन करणारास एकाच वेळीं दोघांची काळजी वाहावी लागते.

आतां मुख्य गोष्ट. आणलेला तुकडा खडकावर बसवावयाचा कसा? आमच्या शहरांतील बापास हा प्रश्न अगदीं सोपा वाटतो. ज्याचा दिवस जोडकामांत, नटबोल्टांत व वेल्डिंगांत जातो, त्यास दोन वस्तू एकमेकींस घट्ट करणें म्हणजे काय मोठें? तो झटपट चिकटणारा गोंद आणतो, देठास लावतो, खडकावर दाबून धरतो, आणि काम झालें म्हणून हात पुसतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें तों प्रवाळ टाकीच्या कोपऱ्यांत उलथें पडलेलें असतें. याचें कारण वस्तुतः त्यास आपल्या कारखान्यांतूनच ठाऊक असतें: तेलकट किंवा ओल्या पृष्ठभागावर गोंद धरत नाहीं. मऊ प्रवाळाचें अंग सदोदित बुळबुळीत स्रावानें माखलेलें असतें. शिवाय तें फुगतें, आकसतें, हलतें. गोंद धरतो तो त्या स्रावास, प्रवाळास नव्हे. आणि स्राव सुटला कीं त्याबरोबर गोंदही जातो. कठीण प्रवाळाच्या सांगाड्यास हाच गोंद उत्तम धरतो. परंतु एकास लागू पडलेला उपाय दुसऱ्यास लागू पडेलच असें नाहीं.

तर मग करावें काय? करावें तें इतकेंच कीं, प्रवाळास आपण चिकटवूं नये, त्यास स्वतः चिकटूं द्यावें. त्याच्या देठास खडकाचा निवांत स्पर्श मिळाला, म्हणजे तेथील मांस हळूहळू खडकावर पसरतें व त्यास असें धरतें कीं, पुढें तें सोडविण्यास सुरी लागते. आपलें काम हा स्पर्श कांहीं दिवस टिकवून धरण्याचें. त्याच्या तीन रीति सांगतों.

पहिली रीत वाटीची. प्लॅस्टिकच्या उथळ वाटींत बोराएवढे खडकाचे तुकडे पसरावे, त्यांवर प्रवाळाचा तुकडा ठेवावा, वाटीवर मच्छरदाणीच्या कापडासारखी विरळ जाळी रबरानें बांधावी आणि वाटी टाकीच्या तळाशीं, जेथें पाण्याचा प्रवाह मंद असेल तेथें ठेवावी. आठवड्या-पंधरवड्यांत प्रवाळ एखाद्या खड्यास धरून बसतें. मग तो खडा मोठ्या खडकास गोंदानें जोडावा. आतां गोंद दगडास दगड जोडतो, आणि हें काम त्यास उत्तम येतें. दुसरी रीत काडीची. देठांतून प्लॅस्टिकची बारीक काडी आडवी घालावी, देठ खडकावर टेकवावा आणि काडीच्या दोन्ही टोंकांवरून रबर खडकाभोंवतीं ओढून घ्यावें. रबराचा ताण काडीवर पडावा, मांसावर पडूं नये. कारण घट्ट रबर मऊ मांसास कापून जातें. तिसरी रीत दोऱ्याची. नायलॉनच्या दोऱ्यानें देठास एकदोन सैल टांके घालून तो खडकास बांधावा व पुढें दोरा काढून घ्यावा. कोणत्याही रीतींत तांब्याची अथवा पितळेची तार मात्र वापरूं नये. तांबें हें प्रवाळांस विष आहे, आणि माशांच्या रोगांवरील ज्या औषधांत तें असतें तीं औषधेंही प्रवाळांच्या टाकींत घालूं नयेत.

या तिन्ही रीतींत कठीण असा भाग एकच, आणि तो म्हणजे मध्यंतरीं हात न लावणें. मुलें रोज सकाळीं ‘चिकटलें कां?’ म्हणून प्रवाळ ओढून पाहतात, आणि रोज नव्यानें धरलेली पकड सोडवितात. बी रुजलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तें रोज उकरणाऱ्या मुलाप्रमाणेंच हें होय.

बसलेल्या प्रवाळासही निवांतपणा लागतो. नवीन तुकडा एकदम प्रखर दिव्याखालीं ठेवूं नये. प्रथम खालीं ठेवून दोनतीन आठवड्यांत हळूहळू वर आणावा. दिवा दिवसांतून आठ ते दहा तास पुरे. पाण्याचा प्रवाह थेट अंगावर न मारतां वळून यावा. सार्कोफायटनाविषयीं एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. मधूनमधून तें आपले सर्व पॉलिप मिटून घेतें, निस्तेज होतें आणि त्याच्या अंगावर मेणासारखा पापुद्रा चढतो. घरांत हाहाकार उडतो. कोणी औषध ओततो, कोणी तें मेलें म्हणून काढून टाकतो. वस्तुतः तें केवळ कात टाकीत असतें. कांहीं दिवसांत पापुद्रा गळतो व तें पूर्ववत् उमलतें. ज्यानें वाट पाहिली त्याचें प्रवाळ वांचलें.

प्रवाळ आणण्यापूर्वीं पाणी तयार पाहिजे. टाकींत खडक व खारें पाणी घातल्यावर माशांच्या व अन्नाच्या कुजण्यापासून होणारा अमोनिया खाऊन टाकणारे सूक्ष्म जंतु तेथें वाढावे लागतात. ते अमोनियापासून नायट्राइट व त्यापासून नायट्रेट करितात. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकी रिकामीच दिसावयाची. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें, म्हणून गाळणयंत्राचें, म्हणजे ज्यास ‘आर.ओ.’ म्हणतात तें पाणी घेऊन त्यांत समुद्री मिठाचें तयार मिश्रण विरघळवावें लागतें. स्वयंपाकांतील मीठ येथें चालत नाहीं. समुद्राच्या पाण्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादि अनेक क्षार असतात व प्रवाळांस ते सर्व लागतात. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात; टाकींतही तेंच प्रमाण राखावें, आणि तापमान २४ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवावें.

येथें विद्यार्थ्यांस एक छोटा हिशेब घालतों. टाकींत २०० लिटर पाणी असून त्यांत दर लिटरास ३५ ग्रॅम क्षार आहेत, म्हणजे एकूण ७,००० ग्रॅम झाले. उन्हानें १० लिटर पाणी उडून गेलें, तर क्षार उडत नाहींत. ते १९० लिटरांत राहतात व प्रमाण जवळ जवळ ३७ वर जातें. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमीं गोड्या पाण्यानें करावी, खाऱ्या पाण्यानें करूं नये. ज्या मुलास हें उदाहरण समजलें त्यास बाष्पीभवनाचा धडा पुनः पाठ करावा लागणार नाहीं.

आठवड्यास एकदां टाकींतील दहावा हिस्सा पाणी बदलावें. आमच्या भागांतील पुष्कळ कारखान्यांस गुरुवारीं सुट्टी असते; बाप घरीं असतो. बापलेकांनीं मिळून करावयाचें याहून चांगलें काम कोणतें? परंतु एक गोष्ट विसरूं नये. २०१९ सालच्या नोव्हेंबरांत आपल्या शहरांत दिवसाआड पाणी येऊं लागलें. गाळणयंत्र शुद्ध पाणी देतें, पण तें देतांना बरेंच पाणी वायां म्हणून बाहेर टाकतें. शेजारीण हंडे मोजीत असतां आपण शोभेच्या टाकीसाठीं तें पाणी मोरींत सोडावें हें आम्हांस शोभत नाहीं. तें बादलींत धरावें व लादी पुसण्यास किंवा संडास धुण्यास वापरावें. ज्या घरीं हा नियम पाळवत नाहीं त्या घरीं ही टाकी नसावी, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

मग उन्हाळा येतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दुपारचा पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. पाणी तापलें कीं प्रवाळ व त्याच्या अंगांतील शैवाल यांची सोबत तुटते. शैवाल बाहेर पडतें, प्रवाळ पांढरें पडतें आणि पाणी लवकर निवलें नाहीं तर उपासमारीनें मरतें. ही आपत्ति घरच्या टाकीपुरती नाहीं. १९९८, २०१० व २०१६ या सालीं समुद्राचें पाणी नेहमींहून अधिक तापल्यामुळें जगांतील पुष्कळ प्रवाळखडक पांढरे पडले, आणि २०२४ सालीं आपल्या लक्षद्वीपांतही तेंच घडलें. नेहमींच्या उन्हाळ्याहून एकदोन अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली तरी एवढा अनर्थ होतो. घरीं पाण्यावर पंखा सोडल्यास तें दोनतीन अंश निवतें. याहून अधिक हवें तर थंड करणारें यंत्र घ्यावें लागतें व त्याचें विजेचें बिल दर महिन्यास भरावें लागतें. वीज गेली कीं पाणी हलविणारा पंपही थांबतो आणि पाण्यांतील प्राणवायु घटूं लागतो. म्हणून टाकीची किंमत विचारतांना काचेची किंमत विचारूं नये. मे महिन्याची किंमत विचारावी.

कांहीं जण म्हणतात कीं, घरोघरीं हा खटाटोप करण्यापेक्षां शाळेंतच एक मोठी टाकी ठेवावी. सूचना ऐकावयास गोड आहे, पण आम्ही तीस अनुकूल नाहीं. ज्या महिन्यांत या जिवांस माणसाची सर्वांत अधिक गरज, त्याच महिन्यांत शाळेस सुट्टी असते. शिवाय जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, असा अनुभव आपल्याकडे नळापासून वाचनालयापर्यंत येतो. प्रवाळास ‘आपलें’ म्हणणारा एक माणूस रोज लागतो, आणि तो घरींच मिळतो.

पिंपरीच्या मुलांस आणखी एक गोष्ट समजण्यास सोपी जाईल. १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला व पेनिसिलिनामुळें आपल्या गांवाचें नांव देशभर झालें. पेनिसिलिन म्हणजे काय? एका बुरशीनें तयार केलेलें असें द्रव्य, कीं ज्यानें तिच्या आसपासचे जंतु मरतात. मऊ प्रवाळेंही असेंच करितात. त्यांस पळतां येत नाहीं व कठीण सांगाड्याचें चिलखतही नाहीं. म्हणून तीं पाण्यांत अशीं द्रव्यें सोडतात कीं, शेजारचें प्रवाळ खुरटावें. विस्तीर्ण समुद्रांत तीं द्रव्यें वाहून जातात, पण घरच्या लहान टाकींत सांचतात. यास्तव प्रवाळांत अंतर राखावें, गर्दी करूं नये व पाणी कोळशाच्या भुकटींतून गाळावें.

पालकांस एक इशारा देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. बटणांच्या घोसासारखीं दिसणारीं झोअँथिड व पॅलिथोआ या नांवांचीं प्राणीही ‘सॉफ्ट कोरल’ म्हणून विकलीं जातात. तीं दिसावयास सुंदर, पण त्यांपैकीं कांहींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. तीं मुलांच्या हातीं देऊं नयेत. त्यांस कापतांना हातमोजे व चष्मा घालावा. तीं बसलेला खडक कधींही उकळूं नये, कारण वाफेबरोबर तें विष श्वासांत जाऊन माणसें गंभीर आजारी पडलीं आहेत. लहान मुलें असलेल्या घरीं हीं आणूंच नयेत, हें बरें.

आतां शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: प्रवाळ आणावयाचें कोठून? सुट्टींत मालवणास जाणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यांत डोकें घालून प्रवाळें पाहतां येतात, आणि तीं जरूर पाहावीं. पण तेथून एक तुकडाही आणूं नये. १९८७ सालीं तेथें २९.२२ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य जाहीर झालें आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यांत २००१ सालीं खडक रचणारीं सर्व कठीण प्रवाळें, काळें प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे व ‘ऑर्गन पाइप’ प्रवाळ यांस वाघाच्याच पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें. यांतील समुद्रपंखे व ऑर्गन पाइप हीं आठ स्पर्शिकांच्या कुळांतील, म्हणजे मऊ प्रवाळांचीं जवळचीं नातेवाईक आहेत; तेव्हां ‘हें सॉफ्ट आहे, यास कायदा लागू नाहीं’ असें कोणीं सांगितल्यास त्यावर विसंबूं नये. कायद्याचा मान केवढा आहे, तें मुंबईस दिसलें. २०२० सालीं किनारी रस्त्याच्या कामांत हाजी अली व वरळी येथील प्रवाळवसाहती आड आल्या, तेव्हां एवढ्या मोठ्या कामासही सरकारची परवानगी काढावी लागली आणि त्या वसाहती शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं दुसऱ्या जागीं नेऊन बसवाव्या लागल्या. जेथें महानगरपालिकेस परवानगी लागते, तेथें आपण खिशांत घालून आणावें काय?

यावर कोणी म्हणेल, ‘मग हे जीव घरीं ठेवूंच नयेत, त्यांची जागा समुद्रांत.’ या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे, आणि समुद्रांतून ओरबाडून आणलेल्या प्रवाळापुरतें तें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. परंतु मऊ प्रवाळांचा एक गुण असा कीं, धारदार पात्यानें कापलेली फांदी कांहीं दिवसांत भरून येते व तिचें वेगळें प्रवाळ होतें. एका घरीं चांगलें वाढलेलें सिन्युलॅरिया दहा घरांस पुरेल. तुळशीचें रोप जसें एका अंगणांतून दुसऱ्या अंगणांत जातें, तसा हा तुकडा एका टाकींतून दुसऱ्या टाकींत जावा. समुद्रास त्याची झळ लागूं नये. असा तुकडा मिळत असेल तर घ्यावा. दुकानांतून घ्यावयाचा तर तो कोठें वाढला हें विचारावें व पक्की पावती मागावी. आणि उत्तर मिळालें नाहीं तर रिकाम्या हातीं परत यावें.

पालकांस आमची विनंती अशी कीं, परीक्षेंत चांगले गुण मिळाले म्हणून बक्षीस द्यावें अशी ही वस्तु नव्हे. बक्षीस एका दिवसाचें असतें, आणि सार्कोफायटन नीट सांभाळल्यास अनेक वर्षें जगतें. मुलगा किंवा मुलगी कॉलेजास गेल्यावर तें कोण पाहील, याचाही विचार आजच करावा. मागणी आलीच, तर प्रथम मुलास एक वही द्यावी व रिकाम्या टाकीचें तापमान, क्षारांचें प्रमाण व घातलेलें पाणी सहा आठवडे रोज लिहावयास सांगावें. वही पूर्ण भरली तर एक, फक्त एक, लहान तुकडा आणावा. वहींत चौथ्या दिवसापासून कोरीं पानें राहिलीं, तर टाकी विकून टाकावी व मुलास रागावूं नये. एका जिवाचे हाल टळले व खर्चही वांचला.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस इतकेंच सांगणें कीं, आपल्या शहरांत घट्ट आवळण्याची विद्या तुम्ही आपल्या वडिलांपासून सहज शिकाल, आणि ती शिकलीच पाहिजे. परंतु जिवंत वस्तूंस ती विद्या पुरत नाहीं. तेथें जागा नीट करून द्यावी, पाणी स्वच्छ राखावें, रोज पाहावें आणि हात मागें ठेवावा. ज्यास हें जमेल त्यानें हा छंद अवश्य धरावा. त्याच्या टाकींतील तुकडा खडकास धरील, वाढेल, आणि पुढें एखाद्या शेजाऱ्यास देण्याजोगाही होईल.